गांजा, व्यक्तिस्वातंत्र्य आणि वयाची अट: १८, २१ की २५?

आपला प्रश्न मला समजला तो असा. अठराव्या वर्षी मत देता येते, करारावर सही करता येते, गुन्हा केला तर प्रौढ म्हणून शिक्षा होते. मग स्वतःच्या खोलीत, कोणालाही त्रास न देता गांजा ओढायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार सरकारकडे का असावा? आपला आतेभाऊ कॅनडातील ओंटारियो प्रांतात ओळखपत्र दाखवून दुकानातून गांजा विकत घेतो आणि तीच गोष्ट आपण पुण्यात केली तर गुन्हा ठरतो, ही विसंगती आपल्याला खटकते. आपल्याकडेही गांजा कायदेशीर व्हावा का, झाल्यास वयाची अट किती असावी, आणि तो भाऊ दिवाळीला येताना गांजाच्या गमीज, म्हणजे गांजाचा अंश घातलेल्या चघळायच्या गोड गोळ्या, आणणार आहे ते चालेल का, असे आपण विचारले आहे. आपले वय २० आहे, हेही आपण लिहिले आहे, आणि उत्तर देताना ते मी नजरेआड करणार नाही.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि माझ्या कामाचा मोठा भाग व्यसनमुक्तीचा आहे. माझ्यासमोर बसतात ती गांजामुळे अडचणीत आलेली मुले आणि त्यांचे आईवडील. महिन्यातून एखाद्या वेळी मित्रांबरोबर ओढून दुसऱ्या दिवशी कामाला लागणारा माणूस माझ्या दवाखान्याची पायरी चढत नाही. माझे मत वाचताना हा कल लक्षात ठेवावा. मात्र याच कामामुळे कायद्याने काय साधते आणि काय साधत नाही, हेही जवळून पाहायला मिळते. वयाची अट वरवर आकड्याचा प्रश्न वाटते. माझ्या मते खरा प्रश्न विकणारा कोण आहे आणि रेषेच्या अलीकडे सापडलेल्या मुलाचे आपण काय करतो, हा आहे.

आधी स्वातंत्र्याबद्दल. हा मुद्दा मी हलका मानत नाही. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने प्रौढ व्यक्तीने खासगी जागेत स्वतःपुरता गांजा लावणे, बाळगणे आणि ओढणे हे खासगीपणाच्या हक्कात बसते असे ठरवले. विक्रीला मात्र त्या निकालाने परवानगी दिली नाही. त्याच वर्षी मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने व्यक्तिमत्त्वाच्या मुक्त विकासाच्या हक्कावर बोट ठेवून प्रौढांवरील सरसकट बंदी घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला, पण त्याच राज्यघटनेतील अनुच्छेद ४७ औषधी उपयोग वगळता आरोग्याला घातक अशी मादक पेये व द्रव्ये यांच्या सेवनावर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे सांगतो. दोन्ही गोष्टी एकाच घटनेत आहेत आणि दोन्हींचे वजन खरे आहे. प्रौढ आणि निरोगी माणसाने समजून उमजून स्वतःच्या जिवावर घेतलेल्या जोखमीसाठी त्याला तुरुंगात पाठवू नये, हे मला पूर्णपणे मान्य आहे.

माझी अडचण त्याच्या पुढच्या पायरीवर आहे. आज मोकळेपणाने निवड करणारा माणूस पाच वर्षांनीही तितकाच मोकळा असेल, असे या युक्तिवादात गृहीत धरलेले असते. गांजा वापरणाऱ्यांपैकी साधारण नऊ टक्के लोक अवलंबित्वापर्यंत जातात आणि किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सहांत एकाच्या आसपास जाते, असा अंदाज संशोधनात वर्षानुवर्षे दिला जातो. म्हणजे बहुसंख्यांना व्यसन लागत नाही, हे खरे. पण ज्यांना लागते त्यांच्यात लवकर सुरुवात करणारे अधिक असतात, आणि वयाच्या अटीला अर्थ येतो तो याच कारणाने.

एक चित्र सांगतो, कारण ते मी वेगवेगळ्या मुलांत पुन्हा पुन्हा पाहिले आहे. विशीतला मुलगा, सकाळी उठल्याबरोबर मळमळ, मग उलट्या, पोट धरून बसणे. सोनोग्राफी झालेली असते, एंडोस्कोपी झालेली असते, ॲसिडिटीच्या गोळ्या महिनोन्महिने चालू असतात आणि कशातच काही सापडत नाही. बोलता बोलता आई सांगते की हा हल्ली दिवसातून चार वेळा कढत पाण्याने आंघोळ करतो, गिझर बंदच होऊ देत नाही. तिथे मी थांबतो आणि मुलाशी एकट्याने बोलतो, कारण वर्षानुवर्षे रोज गांजा ओढणाऱ्यांपैकी काहींना होणाऱ्या या उलट्यांना गरम पाण्यानेच तेवढ्यापुरता आराम पडतो. मुलाचे म्हणणे ठरलेले असते: मळमळ कमी व्हावी म्हणूनच तर मी ओढतो. गांजा पूर्ण थांबवला की हळूहळू उलट्या थांबतात, पण थांबवल्यावरचे पहिले एक-दोन आठवडे झोप येत नाही, जेवण जात नाही, घरात कोणी काही विचारले तरी डोके फिरते, आणि बऱ्याच वेळा पहिल्या दोन-तीन रात्रींतच पुन्हा जॉइंट वळला जातो. त्या मुलाला ‘ही तुझी निवड आहे’ असे सांगणे मला पटत नाही. त्याला गुन्हेगार म्हणणेही तितकेच चूक आहे.

मेंदूबद्दल जे सांगितले जाते त्यातले पक्के काय आणि कच्चे काय, हेही वेगळे करायला हवे. नियोजन आणि आवर घालणे ही कामे करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो, आणि गांजातील टीएचसी हे नशा आणणारे द्रव्य मेंदूपेशींवरील ज्या ग्राहींवर (रिसेप्टर) काम करते त्या ग्राहींचाही या घडणीत वाटा असतो. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे जन्मापासून पाठपुरावा केलेल्या गटावरील २०१२ च्या अभ्यासात, किशोरवयात सुरुवात करून पुढे सातत्याने ओढत राहिलेल्यांचा बुद्ध्यंक घसरलेला दिसला. पण २०१६ मध्ये जुळ्या भावंडांवरील अभ्यासात ओढणाऱ्या आणि न ओढणाऱ्या जुळ्यांत तसा फरक आढळला नाही. म्हणून बुद्ध्यंकाचा मुद्दा मी पालकांसमोर ठामपणे मांडत नाही. सायकोसिसचा मुद्दा, म्हणजे भास, संशय, वास्तवाशी संबंध तुटणे, हा मात्र मी ठामपणे मांडतो. २०१९ मध्ये युरोपातील अनेक शहरे आणि ब्राझील येथून गोळा केलेल्या माहितीवर आधारित अभ्यासात, कधीही न ओढणाऱ्यांच्या तुलनेत दहा टक्के किंवा त्याहून अधिक टीएचसी असलेला गांजा रोज ओढणाऱ्यांत सायकोसिसची शक्यता जवळपास पाचपट आढळली. यात आनुवंशिकतेचा आणि आधीपासूनच्या त्रासाचा वाटा असू शकतो, पण रोजचा वापर, जास्त तीव्रता आणि लहान वय या तीन गोष्टी एकत्र आल्या की धोका वाढतो, हे माझ्या क्षेत्रात आता जवळपास सर्वमान्य आहे.

आता आपल्या देशातला कायदा. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविषयक, कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे त्याची राळ. नुसती पाने या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांगेचा विषय राज्यांच्या हाती राहिला आणि उत्तर प्रदेश किंवा राजस्थानात भांगेची परवानाधारक दुकाने दिसतात. गांजाची अल्प मात्रा १ किलोपर्यंत आणि चरसची १०० ग्रॅमपर्यंत धरली जाते, आणि ती बाळगल्यास १ वर्षापर्यंत सश्रम कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नुसत्या सेवनासाठी कलम २७ मध्ये ६ महिन्यांपर्यंतची शिक्षा आहे. २० किलोच्या पुढे व्यावसायिक मात्रा सुरू होते आणि शिक्षा १० ते २० वर्षांवर जाते. याच कायद्यात कलम ६४अ आहे, ज्यानुसार सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती मान्यताप्राप्त ठिकाणी स्वेच्छेने उपचार घेत असेल तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. हे कलम माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ते येतात तेव्हा अटक झालेली असते, वकिलाची फी भरलेली असते, मुलाची सत्र परीक्षा बुडालेली असते, आणि उपचाराचा विचार सगळ्यांत शेवटी होतो.

२०१९ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १० ते ७५ वयोगटातील सुमारे ३.१ कोटी लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतल्याचे आढळले. त्यांतील सुमारे १.३ कोटी लोक गांजा-चरस घेणारे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने गुन्हा करणारे होते. एवढ्या माणसांना पकडणे शक्यही नाही आणि इष्टही नाही. मग पकडला जातो तो ज्याच्या पाठीशी कोणी नाही असा मुलगा.

आणि इथेच वयाचा मुद्दा येतो. बंदी असताना वयाची अट कागदावरच राहते, कारण पुडी देणारा आधार कार्ड मागत नाही. १५ वर्षांच्या मुलाला आणि ४० वर्षांच्या माणसाला तो एकाच दराने, एकाच कोपऱ्यावर माल देतो. पुडीवर टीएचसीचे प्रमाण लिहिलेले नसते आणि जॉइंट वळताना त्यात बहुधा तंबाखू मिसळली जात असल्याने गांजाबरोबर निकोटिनचेही व्यसन पदरात पडते. बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ मध्ये अल्पवयीन मुलाला अमली पदार्थ देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पण त्या कलमाचा धाक कोपऱ्यावरच्या विक्रेत्याला वाटतो असे मी कधी पाहिले नाही. ‘बंदी आहे म्हणून मुले सुरक्षित आहेत’ असे जे पालक मानतात, त्यांना मी त्यांच्याच मुलाला विचारायला सांगतो की गांजा हवा असेल तर किती वेळात मिळेल. उत्तर ऐकून ते गप्प होतात.

कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून हाच युक्तिवाद कायद्यात उतरवला. केंद्रीय किमान वय १८ ठेवून प्रांतांना ते वाढवण्याची मुभा दिली. बहुतेकांनी १९ ठेवले, अल्बर्टाने १८, आणि क्वेबेकने १८ वर सुरू करून जानेवारी २०२० पासून २१ केले. प्रौढाला सार्वजनिक ठिकाणी ३० ग्रॅमपर्यंत सुका गांजा बाळगता येतो, वेष्टन साधे आणि लहान मुलांना उघडता येणार नाही असे असते, जाहिरातींवर कडक निर्बंध आहेत. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती दुसरीच तरतूद: १२ ते १७ वयाच्या मुलाकडे ५ ग्रॅमपर्यंत गांजा सापडला तर केंद्रीय कायद्याने तो फौजदारी गुन्हा ठरत नाही, प्रांत फार तर तो जप्त करून दंड करतात, आणि अल्पवयीन मुलाला गांजा विकणाऱ्या किंवा देणाऱ्या प्रौढाला १४ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. शिक्षेचा भार मुलावरून उचलून देणाऱ्यावर टाकलेला आहे.

परिणाम मिश्र आहेत आणि ते तसेच सांगायला हवेत. गांजाच्या गुन्ह्यांखालील अटका खूप कमी झाल्या, बेकायदा बाजाराचा मोठा हिस्सा कायदेशीर दुकानांकडे गेला, किशोरवयीनांत अपेक्षित धरलेली मोठी उडी दिसली नाही. पण ठळक घटही झाली नाही, प्रौढांचा वापर वाढला, आणि ऑक्टोबर २०१९ नंतर खाण्याचे पदार्थ कायदेशीर झाल्यावर चुकून गमी किंवा चॉकलेट खाल्लेली लहान बालके रुग्णालयात येण्याचे प्रमाण वाढले, तेही एका पाकिटात १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी नको अशी मर्यादा असताना. क्वेबेकने मिठाईसारखे दिसणारे पदार्थ विकूच दिले नाहीत आणि विक्री सरकारी दुकानांपुरती ठेवली. माझ्या मते ते शहाणपणाचे होते.

आकड्याबद्दल कॅनडात जो वाद झाला तो आपल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना फार उपयोगी आहे. तिथल्या डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने मेंदूचा विचार करता २५ आदर्श असल्याचे मान्य केले, पण शिफारस २१ ची केली आणि २५ पर्यंत मात्रा व तीव्रतेवर मर्यादा सुचवल्या. सरकारने नेमलेल्या कृती गटाने १८ सुचवले, कारण वय जितके वर न्यावे तितके ज्या वयात वापर सर्वाधिक असतो तोच गट बेकायदा विक्रेत्याकडे राहतो. दोन्ही बाजूंनी विज्ञान तेच वापरले. फरक होता तो कोणती हानी अधिक मानायची यात. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून १८ वर्षांवरील व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी २५ ग्रॅम बाळगण्याची आणि घरी तीन झाडे लावण्याची परवानगी दिली, पण नोंदणीकृत क्लबमधून १८ ते २१ वयाच्या सदस्याला महिन्याला ३० ग्रॅमपर्यंतच, आणि तोही १० टक्क्यांपेक्षा जास्त टीएचसी नसलेला गांजा मिळतो. एकच रेष ओढण्याऐवजी पायऱ्या केल्या, ही कल्पना मला पटते.

महाराष्ट्रात दारूसाठी आपण पायऱ्या आधीच केलेल्या आहेत: बिअरसाठी २१, कडक दारूसाठी २५. आपल्या महाविद्यालयाजवळच्या कोणत्याही परमिट रूममध्ये २५ ची अट किती पाळली जाते, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. पाळला न जाणारा आकडा तरुणांना एवढेच शिकवतो की नियम गंभीरपणे घ्यायचे नसतात, आणि ही सवय मग हेल्मेटपासून करापर्यंत सगळीकडे जाते.

म्हणून माझे मत असे आहे. स्वतःपुरत्या अल्प मात्रेसाठी अटक आणि खटला आजच थांबवावा. कलम ६४अ ची पळवाट असू नये, तोच राजमार्ग असावा. खासगी कंपन्यांच्या हाती मोकळी विक्री मात्र सध्या देऊ नये. जी यंत्रणा दारूच्या दुकानात ओळखपत्र तपासून घेऊ शकत नाही तिच्या भरवशावर नवा मादक पदार्थ बाजारात आणायला माझे मन धजत नाही, आणि नफ्यासाठी विकणाऱ्याला रोज ओढणारा गिऱ्हाईकच सर्वाधिक प्रिय असतो. पुढे कधी विक्री सुरू झालीच तर ती जाहिरात नसलेल्या सरकारी दुकानांतून व्हावी, वय २१ असावे, २५ पर्यंत तीव्रतेची मर्यादा असावी, खाण्याचे गोड पदार्थ नसावेत, आणि २१ च्या आतल्या मुलाला कोठडी कधीही दाखवू नये.

१८ का नको, असे आपण विचाराल. अठरा वर्षांची मुले बारावीच्या आणि पहिल्या वर्षाच्या वर्गात, वसतिगृहात, क्लासमध्ये सोळा-सतरा वर्षांच्या मुलांबरोबरच असतात. त्यांना जे दुकानात मिळते ते महिनाभरात धाकट्यांपर्यंत पोहोचते. एकवीसला हा सहवास बराचसा सुटलेला असतो. अमेरिकेत १९८४ च्या कायद्यानंतर सर्व राज्यांत दारूचे वय २१ झाले आणि तरुणांचे रस्त्यावरील मृत्यू घटले. गांजाची विक्री खुली करणाऱ्या तिथल्या राज्यांनीही २१ च ठेवले. ज्या राज्यात तपासणी चोख आहे आणि शाळेतील मुलांपर्यंत माल जात नाही तिथे १९ सुद्धा चालू शकेल. आकडा परिस्थितीवर अवलंबून आहे आणि त्यावर अडून बसण्यात मला अर्थ वाटत नाही. मताधिकाराशी केलेली तुलना मात्र मला लागू वाटत नाही: १९८९ मध्ये एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले तेव्हा तरुणांच्या निर्णयक्षमतेवर विश्वास दाखवला गेला, आणि तो योग्यच होता, पण मतदानाने मत देणाऱ्याच्या मेंदूवर परिणाम होत नाही.

आता आपल्याबद्दल, आपण २० वर्षांचे आहात म्हणून. घरात आईवडील, आजी-आजोबा, मामा-काका यांपैकी कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असेल, तर आपल्यासाठी उत्तर सरळ आहे: गांजा नको, कोणत्याही देशात नको. तसे काही नसेल आणि आपण कधीमधी ओढत असाल, तर मी मोजतो ती लक्षणे अशी: एकट्याने ओढणे सुरू झाले का, झोपेसाठी लागू लागला का, आठवड्यातले दिवस वाढत गेले का, ओढून दुचाकी चालवता का. यांपैकी दोन जरी ‘हो’ असतील तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर बोलावे. मन अस्वस्थ असेल, संशय किंवा भास जाणवत असतील तर टेलि-मानसचा १४४१६ आहे. तिथे मराठीत बोलता येते. आणि आपल्याकडे उपचारासाठी आलेल्या माणसाला आम्ही पोलिसांकडे पाठवत नाही. ही भीती मनात धरून फार मुले उशिरा येतात, म्हणून स्पष्ट लिहितो.

राहिला आपल्या आतेभावाचा बेत. त्याला कृपया आजच कळवावे की गमीज आणू नयेत. ओंटारियोत त्या कायदेशीर असल्या तरी त्या घेऊन कॅनडाची सीमा ओलांडणे कॅनडाच्याच कायद्याने गुन्हा आहे, आणि भारतात उतरल्यावर तो अमली पदार्थाच्या आयातीचा गुन्हा ठरतो. शिवाय २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीरा सिंग प्रकरणात ठरवल्याप्रमाणे मिश्रणातील नुसत्या अमली द्रव्याचे वजन धरले जात नाही, निरुपद्रवी घटकांसह पूर्ण वजन धरले जाते. त्यामुळे पाकिटावर टीएचसी काही मिलिग्रॅमच लिहिलेले असले, तरी साखर आणि जिलेटिन धरून अख्ख्या गमीजच्या वजनावरून मात्रा ठरू शकते, आणि ते पाकीट आपल्या पत्त्यावर यायचे होते असे निघाले तर चौकशी आपल्यापर्यंतही येईल.